दिसत नाहीं तें अपंगत्व

आदिवासी मुलुखांत एक अपंगत्व असें आहे, कीं तें डोळ्यांस दिसत नाहीं. हात शाबूत, पाय शाबूत. पण थंडी पडली, पोटांत पाणी कमी गेलें, कीं हाडांत अशा कळा उठतात कीं जवान गडीहि जमिनीवर लोळूं लागतो. याचें नांव सिकलसेल. रक्तांतील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकड्या होऊन बारीक शिरांमध्यें अडकतात. हिंदुस्थानांत हें दुखणें प्रथम १९५२ सालीं निलगिरीच्या आदिवासींत आढळलें. नंदुरबार-गडचिरोलीच्या पाड्यांत व विदर्भांतील दलित आणि मागास जातींत तें कोणास नवें नाहीं. शाळेंत असें पोर आठ दिवस येतें, चार दिवस येत नाहीं. हजेरीपत्रकावर तें गैरहजर आणि गांवाच्या तोंडीं आळशी.

१९९५ च्या अपंग कायद्यांत यास जागा नव्हती. २०१६ च्या कायद्यानें ती दिली. याचें श्रेय आम्ही सरकारास देतों. परंतु ताट वाढून पुढें ठेवलें, आणि घांस उचलण्याच्या वेळीं तें कसें मागें ओढलें, तें पाहा! ३२ व्या कलमानें वरच्या शिक्षणांत दिव्यांगांस ५ टक्के जागा राखल्या. त्यांत सिकलसेलचा विद्यार्थी बसतो. ३४ वें कलम नोकऱ्यांचें. तेथें ४ टक्क्यांत अंध, बहिरे, अस्थिव्यंग, बौद्धिक व मानसिक विकार यांस वाटे घातले. रक्ताच्या विकारांचें नांवच नाहीं. म्हणजे पोरानें पदवी घ्यावी आणि मग खडी फोडावी; तीहि त्याच्यानें फुटत नाहीं.

कोणी शहाणे म्हणतील, आदिवासी म्हणून त्यास राखीव जागा आहेतच, आणखी कशास? अहो, त्या जागेसाठीं त्याची शर्यत कोणाशीं? आपल्याच धडधाकट भावाशीं!

आणि दाखल्याचें काय? ४० टक्के अपंगत्व कागदावर सिद्ध झाल्याशिवाय राखीव जागेचा हक्क पदरांत पडत नाहीं. अक्राणीच्या डोंगरांतून बापानें मजुरी बुडवून पोरास जिल्ह्याच्या गांवीं न्यावें, तर त्या दिवशीं पोर नेमकें बरें असतें. खाटेवर रात्रभर सोसलेल्या कळांचा कागद त्यानें कोठून आणावा? आई पावरी बोलते, डॉक्टर मराठी.

जुलै २०२३ मध्यें केंद्र सरकारनें २०४७ पर्यंत सिकलसेल नाहींसा करण्याची मोहीम काढली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचें ठरलें. ठीक आहे. पण जे आज कण्हत आहेत त्यांनीं तोंवर काय करावें? जेथें रक्त तपासतात त्याच मेजावर दाखल्याचा अर्ज भरून घ्यावा. डॉक्टरांच्या मंडळानें आठवडे बाजाराच्या दिवशीं तालुक्याच्या रुग्णालयांत बसावें. आशाताईनें टिपलेली कळांची नोंद पुरावा म्हणून धरावी. ३४ वें कलम बदलणें मात्र संसदेचें काम, आणि आदिवासींच्या मतांवर निवडून गेलेल्या खासदारांस तेथें तोंड आहे. १९९६ च्या पेसा कायद्याखालील ग्रामसभांनीं एवढ्या एका मागणीचा ठराव करून त्यांच्याकडे धाडावा. ठरावाची नक्कल आमच्याकडे आल्यास आम्ही ती गांवाच्या नांवासह छापूं.