दुपारी बाराचा ग्रुप फोटो? सरळ नाही म्हणा

गिऱ्हाईक म्हणतं, "जेवणाआधी बारा वाजता अंगणात फॅमिली फोटो उरकून टाका." माझं मत स्पष्ट आहे, उघड्या उन्हात नाही म्हणायचं. डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांखाली काळं पडतं, आजी डोळे मिचकावतात आणि मोठ्या फ्रेमची ऑर्डर हातची जाते. एक तर संध्याकाळची वेळ मागा, नाहीतर सगळ्यांना गर्द सावलीच्या कडेला, उजेडाकडे तोंड करून घ्या. पानांतले कवडसे चेहऱ्यावर नकोत हं! आजी-आजोबा खुर्चीत, बाकीचे मागे अगदी चिकटून. दोन रांगा असतील तर एफ ८ ठेवा. बॅकग्राउंड ब्लर करायच्या हौसेपायी एफ १.८ लावलं की मागची रांग धूसर येते, आणि बिल देणारा मोठा मुलगा बहुतेक वेळा तिथंच उभा असतो.