गोळा उठतो, गुडगुडतो, सुटतो. तो ‘गॅस’ असेलच असे नाही

जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासाने पोटात कळ येते. पोट टरारते, गोळा उठल्यासारखे वाटते. तो सरकतो, आतून गुडगुड होते आणि एकदम मोकळे वाटते. ‘गॅस सुटला’ म्हणून आपण कामाला लागतो. तुमच्या घरात कोणाला महिनोन्महिने असे होत असेल आणि वजनही घटत असेल, तर हा लेख त्यांना वाचून दाखवा.

माझे मत स्पष्ट आहे: ‘गॅस’ हे निदान नव्हे. बेंबी सरकली, पित्त झाले, वात धरला ही निदानेही नव्हेत. या शब्दांनी मनाला धीर मिळतो, पण तपासणी लांबते.

आत काय घडते ते समजून घ्या. आतडे ही एक लांब नळी आहे. ती कुठेतरी अरुंद झाली, की मागचे आतडे अन्न पुढे ढकलण्यासाठी जोराने आवळते. ती कळ, तोच गोळा. अन्न अरुंद जागेतून निसटले की गुडगुड होते आणि बरे वाटते. म्हणजे आजार गेला नाही, फक्त या वेळी वाट मिळाली. वाट पूर्ण बंद झाली की जिवावर बेतते.

आतडे अडण्याची कारणे अनेक: जुन्या शस्त्रक्रियेनंतर चिकटलेली आतडी, हर्निया, पीळ, गाठ. पण तरुण माणसात आपल्याकडे दोन आजार आधी आठवावे लागतात. एक, आतड्याचा क्षय. दुसरा, क्रोन्स, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या गडबडीतून येणारा आतड्याचा दीर्घकाळचा दाह. न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन आणि सहकाऱ्यांनी १९३२ साली त्याचे वर्णन केले. दोन्ही आजार बहुधा पोटाच्या उजव्या बाजूला खाली, लहान आतडे मोठ्याला मिळते तिथे ठाण मांडतात. कळा, बारीक ताप, जुलाब, वजन घटणे दोन्हीत असते. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून पोटाचा क्षय नाही असे होत नाही.

उपचार मात्र वेगळे. क्षयाला निदान सहा महिने क्षयरोगाची औषधे लागतात; ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. क्रोन्सला दाह दाबणारी औषधे, कधी स्टिरॉइड. क्षय असताना स्टिरॉइड दिले तर क्षय पसरू शकतो. क्रोन्स असताना नुसती क्षयाची औषधे चालू राहिली, तर महिने वाया जातात आणि अरुंद जागा आणखी घट्ट होते. म्हणून कोलोनोस्कोपी करून तुकडा तपासणे टाळू नका. त्यातूनही कधी उलगडा होत नाही. मग डॉक्टर क्षयाची औषधे सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहतात. तुम्ही एवढेच विचारा, ‘डॉक्टर, पुन्हा कधी बघायचे?’ आणि त्या तारखेला जा. बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडू नका.

शौचातून रक्त आणि आव पडत असेल, तर मूळव्याध समजून गप्प बसू नका. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याचा दाह असाच सुरू होतो.

आता तातडीची गोष्ट. थांबून थांबून येणाऱ्या कळा, उलट्या, फुगलेले पोट, आणि शौच व वारा दोन्ही बंद. ही चार लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नका. चारही एकदम दिसायला हवीत असेही नाही. एरंडेल किंवा जुलाबाची गोळी देऊ नका, पोट चोळू नका, खायला-प्यायला काही देऊ नका. आपल्या पाटण तालुक्यात डोंगरावरच्या वस्तीवरून खाली येईपर्यंतच वेळ जातो, पुढे कराड आणखी सुमारे ३५ किलोमीटर. ‘रात्र काढू, पहिल्या एसटीने जाऊ’ हा हिशेब इथे चुकतो. १०८ ला फोन करा. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत ते काळे पडते.

‘गेलो की पोट फाडतील’ ही भीती मला समजते. पण प्रत्येक अडथळ्याला शस्त्रक्रिया लागत नाही. विशेषतः चिकटलेली आतडी पुष्कळदा नाकातून नळी, सलाईन आणि उपास एवढ्यावर मोकळी होतात. मात्र ही संधी वेळेत येणाऱ्यालाच मिळते. शस्त्रक्रियेला भिऊन घरी थांबणाऱ्याच्या वाट्याला बहुधा मोठी शस्त्रक्रिया येते.

म्हणून पुढच्या वेळी गोळा उठला, की तारीख, जेवणानंतर किती वेळाने आणि वजन किती, एवढे वहीत लिहा. ती वही घेऊन दवाखान्यात या. ‘गॅसची गोळी द्या’ म्हणू नका. ‘हे कशाने होते ते बघा’ म्हणा.