मध नको, साखर चालेल?

मागच्या शिबिरात सकाळी लिंबूपाणी आले. एका तरुण मैत्रिणीने पेला खाली ठेवला. "यात मध आहे, मी व्हीगन आहे. साखर घातलेलं मिळेल का?" झाले, वाद पेटला. "इथे बायका जळताहेत आणि हिला माश्यांची पडलीय!" इथपर्यंत मजल गेली. ती गप्प बसली. मला ते पटलेले नाही.

मधापुरते बोलायचे तर तिचे बरोबर आहे. फुलोरा नसतो त्या दिवसांसाठी माश्यांनी साठवलेली बेगमी म्हणजे मध. एका कामकरी माशीची उभ्या आयुष्याची कमाई चहाच्या चमच्याचा साधारण बारावा भाग. मधपेट्यांच्या धंद्यात हा साठा काढून घेतात आणि पुष्कळदा बदल्यात साखरेचा पाक ठेवतात. राणीमाशी वसाहत घेऊन उडून जाऊ नये म्हणून काही ठिकाणी तिचे पंखही छाटतात. "ती जादाच साठवते", "तिला काय कळतंय", "आम्ही तिला सांभाळतो की!" ही उत्तरे ओळखीची वाटतात ना? घरातल्या फुकट कामाचा हिशेब मागितला तेव्हा आपल्याला हीच मिळाली. माशी म्हणजे बाई नव्हे, हे मलाही कळते. पण घेणाऱ्याची भाषा तीच आहे. प्राण्यांचे शोषण नाकारणाऱ्यांनी मध खाऊ नये, हे सरळ मान्य करू.

माझे भांडण पुढचे आहे. तिने मधाऐवजी मागितली ती साखर!

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती. बाई पहाटे भाकऱ्या थापते, फडात राबते, मोळ्या डोक्यावर वाहते. एक दिवस खाडा झाला की दंड. मग तो पाळीमुळे असो की बाळंतपणामुळे. २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. माशीचे पंख छाटलेले आपल्याला दिसतात, आणि हे दिसत नाही?

कोणी म्हणेल, व्हीगन विचार प्राण्यांपुरता आहे. मग माणूस कोण? ब्रिटनमधल्या व्हीगन सोसायटीने केलेल्या व्याख्येत शोषण टाळण्याला 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितके' अशी मर्यादा आहे, आणि हेतूंत माणसांचे हितही आहे. म्हणूनच रानातले पोळे काढून मीठ-मिरची आणणाऱ्या आदिवासी बाईला या तत्त्वाने झोडपू नये. २००६ च्या वनहक्क कायद्याने मध हे गौण वनोपज मानले आहे, त्यावर तिचा हक्क आहे. दुकानात दहा पर्याय असलेल्या आपण आणि ती, यांना एकच माप लावणे हा अन्यायच.

तेव्हा मैत्रिणींनो, त्या मुलीला हसू नका. तिने एक प्रश्न विचारला, आपण दुसरा जोडू या. ऊसतोड बाईची स्वतंत्र नोंद, तिच्या हातात तिची मजुरी, पाळीच्या आणि आजारपणाच्या दिवसांना दंड नाही: या मागण्यांवर तिची सही हवी, आणि आपलीही. नाहीतर मधाचा पेला खाली ठेवून आपण फक्त आपले हात धुऊन घेतले, एवढेच होईल.