आधी दोन गावं, मग महाराष्ट्र!

'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायचा विषय, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. रिक्वायरमेंट, डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग... चौकोन काढा, बाण काढा, मार्क घ्या! फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये तर कोड आधी होतो आणि रिक्वायरमेंटचं डॉक्युमेंट सबमिशनच्या आठवड्यात 'तयार' होतं. चार जणांच्या प्रोजेक्टमध्ये हे खपतं. पण मोठ्या कामात?

२०१७ ची कर्जमाफी आठवा. ऑनलाइन फॉर्म भरायला आपल्या वर्धा जिल्ह्यातले शेतकरीही केंद्रांवर रांगेत उभे होते. राज्यातून ५० लाखांहून जास्त अर्ज आले. दिवाळीत प्रमाणपत्रं वाटली गेली आणि मग गाडी अडली. बँकांची माहिती अर्जांशी जुळेना. एकाच आधार क्रमांकासमोर अनेक शेतकरी दिसू लागले. बँकेची माहिती कशी येणार, ती तपासणार कोण, हे प्रश्न रिक्वायरमेंटच्या टप्प्यावरचे. यादी लावायच्या दिवशी ते सुटत नसतात. आणि जुनं कर्ज निल झाल्याशिवाय नवं पीककर्ज मिळणं कठीण, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको.

आता २०२० ची महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना बघा. माहिती आधी बँकांकडून घेतली. २४ फेब्रुवारीला पहिली यादी लागली ती फक्त ६८ गावांची, जिल्ह्यामागे दोन! शेतकऱ्यानं आधार प्रमाणीकरण करून रक्कम मान्य करायची, मान्य नसेल तर तक्रार करायची. मोठी यादी त्यानंतर.

गंमत म्हणजे, ज्या विन्स्टन रॉइसच्या १९७० च्या लेखातून आपला 'वॉटरफॉल' आला, त्यानंच ही सरळ उतरंड धोक्याची आहे असं बजावलं होतं. नवं काम असेल तर आधी छोटं करून पाहा, असंही सांगितलं होतं. आपण आकृती उचलली, इशारा सोडला!

काही जण म्हणतात, प्रोसेस म्हणजे नुसते कागदी घोडे. मला पटत नाही. चूक स्वस्तात असतानाच सापडावी म्हणून प्रोसेस असते. कागदावरची चूक खोडरबरानं जाते. लाखो अर्ज आल्यावरची चूक कुणाच्या तरी पेरणीवर जाते.

तेव्हा यंदा प्रोजेक्टचा पहिला आठवडा लॅबमध्ये घालवू नका. ज्याच्यासाठी सॉफ्टवेअर करताय, त्याच्याजवळ जाऊन बसा. बघा पटतंय का!