हिवाळी सत्र आणि सहभागाचा जमाखर्च

घराण्याची पेढी मुंबईच्या झवेरी बाजारात असो, पुण्याच्या रविवार पेठेत असो किंवा सांगलीच्या हळद बाजारात असो, मुलामुलींना उच्च शिक्षणासाठी परदेशी पाठविण्याचा विचार जैन व्यापारी कुटुंबांना आता नवा राहिलेला नाही. प्रवेश, शुल्क, व्हिसा, निवास यांचा हिशेब वडीलधारी मंडळी पै-पैसा लावून करतात. मात्र तेथे पोहोचल्यावर मूल कोणाबरोबर जेवेल, कोणाच्या सुखदुःखात सामील होईल, हा विषय बहुधा एका वाक्यात आटोपला जातो : ‘कोणात फार मिसळू नकोस, अभ्यास कर.’ या वाक्यामागे मायाच असते. परंतु त्याची खरी कसोटी लागते ती हिवाळी सत्रात.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकुव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे उदाहरण घेता येईल. तेथील वर्षाचा पहिला भाग सप्टेंबर ते डिसेंबर आणि दुसरा जानेवारी ते एप्रिल असा असतो. सप्टेंबरात ऊन असते, स्वागताचे समारंभ असतात, सारेच नवखे असल्यामुळे ओळखी सहज होतात. जानेवारीत चित्र पालटते. व्हँकुव्हरचा हिवाळा बर्फापेक्षा पावसाचा. आठवडेच्या आठवडे आभाळ भरलेले असते. मित्रमंडळांचे गट तोवर ठरून गेलेले असतात. पहिल्या परीक्षेचे गुण हाती आलेले असतात आणि ते नेहमीच मनासारखे नसतात. ज्याने पहिले चार महिने खोलीत काढले, त्याला पुढचे चार महिने अधिक जड जातात.

जैन विद्यार्थ्यापुढे यात एक वेगळी अडचण उभी राहते. जानेवारीच्या प्रारंभी तेथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. वर्ग मात्र त्यानंतरही चालू असतात. ज्याने चौविहाराचा नियम घेतला आहे, त्याने जेवावे केव्हा? पहिल्या वर्षाच्या ठरावीक वसतिगृहांत भोजनालयाची योजना सक्तीची असते, म्हणजे पैसे आधीच भरलेले असतात. भोजनालयात शाकाहारी आणि पूर्ण वनस्पतिजन्य पदार्थ मिळतात. पण त्यांत कांदा, लसूण, बटाटा नसेल याची हमी ती पाटी देत नाही. अशा वेळी दोन वाटा असतात. एक, खोलीतल्या खाकऱ्यांवर आणि कोरड्या नाश्त्यावर दिवस ढकलून सर्वांपासून दूर राहणे. दुसरी, भोजनालयाच्या व्यवस्थापकांना व आहारतज्ज्ञांना भेटून आपला आहारनियम शांतपणे समजावून सांगणे, आणि डबा भरून घेऊन सूर्यास्तापूर्वी जेवता येईल का, हे विचारणे.

दुसरी वाट धरण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. ज्यू, मुस्लिम, शीख विद्यार्थ्यांनी आपापल्या गरजा वेळोवेळी मांडल्या, म्हणूनच अशा संस्थांना त्यांची जाण आली. परीक्षेच्या बाबतीतही असेच आहे. महावीर जन्मकल्याणक मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे सत्राच्या अखेरीस येते. धार्मिक पर्वाच्या दिवशी परीक्षा आल्यास पुरेशी आधी सूचना देऊन पर्यायी व्यवस्था मागण्याची तरतूद या विद्यापीठात आहे. न मागता मात्र ती कोणी हातात आणून देत नाही.

विद्यार्थ्यांच्या सहभागाकडे पालक बहुधा वेळेचा अपव्यय म्हणून पाहतात. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तरी हा हिशेब चुकतो. या विद्यापीठातील ‘अल्मा मॅटर सोसायटी’ ही विद्यार्थी संघटना १९१५ पासून अस्तित्वात आहे. तिचे शुल्क प्रत्येक विद्यार्थ्याच्या बिलात लागलेलेच असते. त्या पैशातून शेकडो क्लब, गरजूंसाठी अन्नपेढी, शिकवणी आणि सल्ल्याच्या सेवा चालतात. शहरातील बस व रेल्वेसाठी मिळणारा स्वस्त पासही विद्यार्थ्यांनी मतदान करून २००३ मध्ये मिळविला. जानेवारीत क्लबांचा मेळा पुन्हा भरतो आणि संघटनेच्या निवडणुकाही याच सत्रात होतात. माल विकत घेऊन गोदामातच ठेवावा, तसे या शुल्काचे होऊ द्यायचे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

किंबहुना ते विद्यापीठ आज जेथे उभे आहे, तेथे ते विद्यार्थ्यांच्या सहभागामुळेच उभे राहिले. १९१४ मध्ये पॉइंट ग्रे येथे इमारतीचे काम सुरू झाले; पहिले महायुद्ध पेटले आणि काम थांबले. पुढे कित्येक वर्षे वर्ग तात्पुरत्या लाकडी खोपट्यांत भरत राहिले. अखेर विद्यार्थ्यांनी घरोघरी फिरून सुमारे ५६ हजार नागरिकांच्या सह्या गोळा केल्या आणि २८ ऑक्टोबर १९२२ रोजी शहरातून मिरवणूक काढून ते अपूर्ण इमारतीच्या सांगाड्यापर्यंत चालत गेले. सरकारला निधी मंजूर करावा लागला. १९२५ मध्ये वर्ग नव्या जागी भरू लागले.

याच विद्यापीठाच्या इतिहासात दुसरे, काळे पानही आहे. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्यानंतरच्याच हिवाळी सत्रात, फेब्रुवारी १९४२ मध्ये, कॅनडा सरकारने किनारपट्टीवरील जपानी वंशाच्या सर्व लोकांना हलविण्याचा आदेश काढला. त्यांतील पुष्कळजण कॅनडातच जन्मलेले होते. या विद्यापीठातील ७६ विद्यार्थ्यांचे शिक्षण त्यामुळे विस्कटले. अर्थशास्त्राचे प्राध्यापक हेन्री अँगस यांच्यासारखे मोजके आवाज या अन्यायाविरुद्ध उठले. संस्था म्हणून विद्यापीठ मात्र त्या विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभे राहिले नाही. मेरी कितागावा यांनी हा विषय चिकाटीने लावून धरला, तेव्हा कुठे मे २०१२ मध्ये, ७० वर्षांनी, त्या विद्यार्थ्यांना सन्मानाने पदव्या देण्यात आल्या. अनेकांच्या पदव्या त्यांच्या मुलानातवंडांनी स्वीकारल्या. ज्यांच्यासाठी बोलायला हवे होते, त्यांतील पुष्कळजण तोवर हयात राहिले नव्हते.

असे पान केवळ परदेशाच्याच वहीत असते असे नाही. कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात शिकणारा एक तरुण अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेला. परतल्यावर ‘शुद्धी’साठी स्नान करण्यास त्याने नकार दिला आणि त्यापायी त्याला वसतिगृह सोडावे लागले. कुंभोजला एका जैन कुटुंबात जन्मलेला हा तरुण म्हणजे पुढचे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनी कटुता उरात बाळगली नाही. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. तेथे मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कामाचा वाटाही एकत्र उचलत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले. जैन समाज आज कर्मवीरांचे नाव अभिमानाने घेतो. त्यांना बाहेर काढणारा निर्णयही समाजाच्याच एका वसतिगृहात झाला होता, याचे स्मरण त्या अभिमानाबरोबर राहावे.

या दोन्ही घटनांतून परदेशी जाणाऱ्या मुलाला सांगण्यासारखी एकच गोष्ट निघते. आपल्या आहारासाठी, आपल्या पर्वासाठी जो जागा मागतो, त्याने दुसऱ्याच्या जागेसाठीही उभे राहिले पाहिजे. वर्गातील जो सहाध्यायी कानाने अधू आहे, जो भाषेमुळे मागे पडतो, ज्याच्या खिशात जेवणाचे पैसे नाहीत, त्याचा प्रश्न आपला नव्हे असे म्हणणारा, स्वतःचा प्रश्न इतरांनी आपला मानावा, अशी अपेक्षा कशी करणार? उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात सांगितलेले जीवांचे परस्पर उपकाराचे नाते केवळ प्रवचनापुरते नाही. अनेकान्ताची सवयही पुस्तकाने लागत नाही. वेगळ्या विचाराच्या माणसाशेजारी बसून, त्याचे म्हणणे पुरते ऐकून ती लागते.

मिसळल्याने नियम मोडतील, ही भीती घराघरांत असते आणि ती अगदीच निराधार नाही. परंतु लपवून पाळलेला नियम एकटेपणात लवकर ढासळतो. चारचौघांना सांगून पाळलेल्या नियमाला चारचौघे सांभाळतात. मैत्रीण स्वयंपाक करताना कांदा बाजूला ठेवते, मित्र सूर्यास्ताची वेळ लक्षात ठेवतो, असे घडते ते आधी मोकळेपणाने सांगितल्यावरच.

म्हणून जानेवारीतील फोनवर केवळ ‘गुण किती मिळाले’ एवढेच विचारू नये. ‘आज कोणाबरोबर जेवलास?’, ‘कोणत्या मंडळात जातेस?’, ‘कोणाला मदत केलीस?’ हेही विचारावे. उत्तर टाळाटाळीचे आले, आवाज खोल गेलेला वाटला, तर रागावण्याऐवजी विद्यापीठातील समुपदेशकांकडे जाण्यास सुचवावे. त्यात कुळाला कमीपणा नाही. एखादे एकच मंडळ निवडून तेथे नियमाने जाणे पुरेसे आहे. दहा ठिकाणी नाव घालून कोठेच न जाण्याने काही साधत नाही. एप्रिलअखेर व्हँकुव्हरला सूर्य आठनंतर मावळतो, चौविहाराची अडचण आपोआप सुटते आणि सत्रही संपते. तोवर मुलाच्या वहीत गुणांबरोबर काही माणसेही जमा झालेली असावीत. पेढी भांडवलावर उभी राहते हे खरे. पण ती टिकते माणसांच्या विश्वासावर, हे व्यापारी घरांना कोणी वेगळे सांगायला नको.