आशा म्हणजे लालूच नव्हे

मंडळी, आगमनकाळ म्हणजे नाताळापूर्वीचे चार रविवार. पण आमच्या भुसावळात हल्ली पहिल्याच रविवारी चांदण्या लागतात आणि मुलांना सांगितले जाते, "शहाण्यासारखा वाग, सांता खेळणे आणील." मला हे साफ नामंजूर आहे. ही आशा नव्हे, लालूच आहे!

यंदा पावसाळ्यात आमची ही गेली. परवा नातवाने विचारले, "आजोबा, आजी नाताळला येणार?" सूनबाईने घाईने केकचा विषय काढला. मी म्हटले, "नाही बाळा, ती येणार नाही. ती प्रभूपाशी आहे. पण प्रभू येणार आहे, त्याची आपण वाट पाहू." मग आम्ही दोघांनी एकच मेणबत्ती लावली. बाकीच्या तीन तशाच ठेवल्या.

रेव्हरंड टिळक १९१९ साली गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरे होते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहिले. वाट पाहणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे, ते असे.

आपण जंक्शनची माणसे. गाडी येणार हे ठाऊक असते, म्हणूनच रात्री फलाटावर थांबतो. तेव्हा आईबापहो, मुलांपासून अंधार लपवू नका. अंधारच न पाहिलेल्या पोराला एका मेणबत्तीचे मोल काय कळणार?