किल्ली कोणाच्या हाती?

आपत्तीच्या वेळी खाजगी मालकीच्या चालकविरहित मोटारी मालकांनी स्वेच्छेने संकटग्रस्तांसाठी खुल्या कराव्यात, ही कल्पना अमेरिकेतून निघून आता आपल्याकडेही कौतुकाने बोलली जाऊ लागली आहे. मालक सुरक्षित स्थळी उतरला की गाडी आपण होऊन मागे फिरेल, वृद्धांना, रुग्णांना आणि वाहन नसलेल्यांना घेऊन येईल, जाताना औषधे व अन्न नेईल. चित्र मोहक आहे. आपल्यातील काही तरुण मित्रांना तर त्यात समाजवादाचे बीजच दिसले आहे. माझ्या मते ते दानधर्माचे बीज आहे, आणि या दोहोंतील फरक ज्याला कळत नाही त्याने कत्रिनाचा इतिहास पुन्हा वाचावा.

ऑगस्ट २००५ मध्ये न्यू ऑर्लीन्स सोडण्याचा सक्तीचा आदेश २८ तारखेस निघाला. दुसऱ्याच दिवशी वादळ धडकले. महामार्गाच्या दोन्ही बाजू बाहेर जाणाऱ्यांसाठी मोकळ्या केल्या होत्या, त्यामुळे मोटारवाले निघून गेले. परंतु शहरातील सुमारे चौथा हिस्सा कुटुंबांपाशी मोटारच नव्हती, आणि त्यांत गरीब कृष्णवर्णीयांचा भरणा मोठा होता. ही माणसे सुपरडोममध्ये आणि घरांच्या छपरांवर अडकली. त्याच शहरात शाळांच्या पिवळ्या बसगाड्या रांगेने पाण्यात बुडालेल्या होत्या! चालक मिळाले नाहीत हे एक कारण होते, आणि तेवढ्यापुरता नव्या यंत्राचा उपयोग मला मान्य आहे. पण मुळात त्या बसगाड्यांनी कोणत्या वस्तीत केव्हा जायचे, हे ठरवून पार पाडणारी यंत्रणाच उभी नव्हती. शिवाय रस्त्याच्या दोन्ही बाजू बाहेरच वाहत असताना रिकामी मोटार आत परतणार कोणत्या वाटेने? २०१८ साली कॅलिफोर्नियातील पॅरडाइज गाव वणव्यात सापडले तेव्हा मोटारींच्या गर्दीनेच रस्ते तुंबले होते. त्या वणव्यात ८५ माणसे गेली, त्यांत बहुसंख्य वृद्ध होती. जिथे रस्ता अपुरा, तिथे पन्नास माणसे नेणारी एक बस हवी. तिच्याऐवजी दहाबारा मोटारी पाठविणे हे शहाणपण नव्हे.

परंतु याहून मूलगामी प्रश्न ताब्याचा आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळ फ्लोरिडाकडे येत असताना टेस्ला कंपनीने तेथील काही ग्राहकांच्या मोटारींचा पल्ला दूरवरून, एका आज्ञेसरशी वाढविला. वृत्तपत्रांनी या औदार्याचे गोडवे गायिले. वस्तुस्थिती अशी की, बॅटरीची ती जादा क्षमता गाडीत पहिल्या दिवसापासूनच होती. कमी किमतीच्या गाडीत ती कंपनीने कुलूपबंद ठेवली होती. काही दिवसांनी कुलूप पुन्हा लागले. तेव्हा ज्याला आपण मालक म्हणतो त्याच्या हाती खरी किल्ली नाही. मग त्याने 'वाटून' काय द्यायचे?

आणि कंपनीच्या हातची किल्लीही संकटात चालेलच असे नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या भागातील वीज गेली, तेव्हा वेमो कंपनीच्या चालकविरहित गाड्या बंद सिग्नलांपाशी अडकून पडल्या आणि कंपनीला सेवा थांबवावी लागली. ना भूकंप, ना पूर. नुसती वीज गेली होती.

आपल्या देशात अशी वाहने अद्याप सार्वत्रिक नाहीत, म्हणूनच भूमिका आताच स्वच्छ हवी. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ६५ नुसार बचावकार्यासाठी कोणाचेही वाहन अधिग्रहित करता येते; कलम ६६ भरपाईची तरतूद करते. निवडणुकीसाठी तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली खाजगी गाड्या नेहमीच घेतल्या जातात, आणि तेव्हा मालकाच्या दातृत्वाची कोणी वाट पाहत नाही. मतपेट्यांसाठी जो अधिकार शासन निःसंकोचपणे वापरते, तो पुरात सापडलेल्या माणसांसाठी वापरताना त्याचा हात का अडखळावा?

म्हणून 'सहभाजना'ची भाषा सोडून कार्यकर्त्यांनी कायदादुरुस्तीची मागणी करावी. अधिग्रहणात वाहनाबरोबर ते चालविणारी संगणकीय आज्ञावली आणि दूरनियंत्रणही जिल्हा प्राधिकरणाच्या ताब्यात आले पाहिजे. वीज व दूरसंचार बंद पडल्यास ही वाहने कशी हाताळायची, याची चाचणी परवान्यापूर्वीच सक्तीची हवी. आपत्तीकाळात संकटग्रस्तांकडून भाडे घेण्यास पूर्ण मनाई हवी. आणि या नव्या यंत्राच्या नावाखाली एस.टी.च्या ताफ्यातील एकही बस कमी करण्याचा प्रस्ताव आला, तर त्याला पहिल्याच बैठकीत विरोध नोंदवावा.